नामपूरपर्यंत गेलेली केबल

पंचवटीतला केबल टीव्हीचा धंदा संध्या आणि तिचा दीर ललित मिळून चालवत. तिचा नवरा गेल्यापासून वायरी, कामावरची पोरं, तक्रारी सगळं तीच बघायची. टीव्हीची गिऱ्हाइकं गळायला लागली होती, जो तो इंटरनेट मागत होता. अशात 'तेजजाल' नावाच्या नव्या ब्रॉडबँड कंपनीचा माणूस आला. गिऱ्हाइकं आम्हाला द्या, बदल्यात कंपनीचे शेअर घ्या, म्हणाला.

ललित हरखून गेला. "वहिनी, यांची लाइन पार नामपूरला पोचलीय. हा बघा तिथल्या शाळेचा फोटो. मुंबईचे लोक शेअरसाठी रांगेत उभे आहेत."

संध्यानं फोटो पाहिला. संगणकापुढे बसलेल्या मुली कॅमेऱ्याकडे बघत होत्या. पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"मी एकदा जाऊन येते, भावजी."

"तुमचा कुणावर विश्वासच नाही."

ती एसटीनं नामपूरला गेली. केबल खरंच खांबाखांबावरून शाळेपर्यंत आली होती. भिंतीवरच्या डब्यात हिरवा दिवाही लुकलुकत होता. तिला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. मग तिनं शाळेसमोरच्या दुकानदाराला, रंगनाथला, विचारलं.

"डबा शे, नेट नही," तो म्हणाला. "फोटोना दिन मोबाइलवर चालाडं व्हतं." म्हणजे डबा नुसता नावाला होता; फोटोच्या दिवशी नेट मोबाइलवरून चालवलं होतं.

केबलच्या मागं ती गावाबाहेर आली. तिथं केबल संपत होती, पुढं कशालाच जोडलेली नव्हती. उरलेलं वेटोळं खांबाला तारेनं बांधलेलं होतं.

तिनं परत येऊन हे सांगितल्यावर ललितनं कंपनीला फोन लावला. रस्ता खोदायची परवानगी अडकलीय, महिन्याभरात जोडतो, असं उत्तर आलं. ते खोटंच आहे, असं संध्यालाही छातीठोकपणे सांगता येईना. तरी तिनं करारावर सही केली नाही. ललितनं आपल्या वाट्याच्या गल्ल्या वेगळ्या केल्या आणि तिकडची गिऱ्हाइकं कंपनीला देऊन टाकली. बोलणं तुटलं.

पुढं शेअरचा भाव चढत गेला. ललितच्या बायकोनं, आशानं, भाजीबाजारात दोनदा ऐकवलं, "घाबरणाऱ्यांचं काही होत नाही बाई." संध्याला वाटे, आपणच तर चुकलो नाही?

एका दुपारी ललित दारात उभा राहिला.

"वहिनी, नामपूरच्या त्या दुकानदाराचा नंबर आहे का?"

"का हो?"

"भाव वाढतोय, पण माझ्या गल्ल्यांमध्ये अजून वायर आली नाही. शेअर विकायला गेलो, तर कंपनीच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत म्हणतात. आणि तो माणूस फोन उचलत नाही."

तिनं रंगनाथला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"ताई, त्या डबाबी काढी लई ग्यात," पलीकडून आवाज आला.

डबाही काढून नेला, हे ललितनं ऐकलं. मग म्हणाला, "मग भाव कसा चढतोय?"

 तिनं त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं टीव्ही पुन्हा जोडून देतो, असं सांगत त्याच्या जुन्या गल्ल्यांत फिरले. बरीच दारं उघडलीच नाहीत. जुन्या गिऱ्हाईक चतुराबाईंनी दार किलकिलं करून साखळी तशीच ठेवली.

"इंटरनेट येणार म्हणून तुम्हीच तर टीव्ही बंद केलात," त्या ललितला म्हणाल्या. मग संध्याकडे वळल्या. "आता तुम्ही तरी खऱ्या कशावरून?"

"मावशी, ओळखलं नाही का? मी संध्या."

"ओळखलं की," चतुराबाई म्हणाल्या आणि साखळी न काढता तिच्याकडे बघत राहिल्या.