तांब्याची पाठवणी

टिण्!

सरावलीच्या त्या घरात अजून कुणी जागं नव्हतं. कविता कालची साडी झटकत होती आणि निऱ्यांमधून तारेचा नखाएवढा तुकडा लादीवर पडला. आवाजावरूनच तिने ओळखलं, तांबं. लोखंड असं गोड बोलत नाही. तिने तो उचलून रुमालाच्या गाठीत बांधला. चंद्रिकाबेनच्या भंगार तांब्याच्या वखारीत कामाच्या बायकांची झडती कधी होत नसे. म्हणूनच की काय, पदरात अडकून घरी आलेला तुकडा जी ती दुसऱ्या दिवशी परत नेऊन ढिगावर टाकायची.

सासू नरपडला लेकीकडे गेलेली, तेव्हा आज चार वर्षांच्या तानीलाही बरोबर न्यावं लागलं. पोरगी खूश. एसटीत खिडकी मिळाली आणि तलासरीला पोचल्यावर जिवलीआजीची मांडी मिळाली.

जिवली डोंगराकडच्या पाड्यावरून यायची. शेडमधली सगळ्यांत जुनी बाई. जळालेल्या मोटारींमधली तार कशी सोडवायची, लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कण कसा ओढून काढायचा, कथलाचा डाग दिलेलं टोक कापून वेगळं कसं ठेवायचं, हे सगळं कविताला तिनेच शिकवलेलं.

आज शेडमध्ये लगीनघाई होती. इतकी वर्षं चंद्रिकाबेनचा माल मुंबईचा व्यापारी घ्यायचा आणि स्वतःच्या नावाने परदेशी पाठवायचा. "पोर माझं नि बारसं त्याच्या घरी," असं ती हसून म्हणायची, पण हसणं ओठांपुरतंच. आज पहिल्यांदा कंटेनर तिच्या नावाने कोरियाला निघणार होता. आत पुढे भट्टीतून शुद्ध होऊन आलेल्या तांब्याच्या लाद्या, मागे सोललेल्या तारेने भरलेल्या मोठ्या पिशव्या. तिकडच्या गिऱ्हाइकाची अट तिने बायकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितली होती: माती नको, पाला नको, लाकडाची ढलपी नको, धान्याचा दाणा नको. एक जरी सापडलं तरी बंदरावरून अख्खा कंटेनर माघारी. मग पुन्हा त्या मुंबईवाल्याच्या दारात.

पिशव्या चढल्या. ड्रायव्हर मुकेश सील हातात घेऊन दरवाजापाशी उभा राहिला. तेवढ्यात तानी कविताला बिलगली आणि मूठ उघडून म्हणाली, "आई, आजीने तांब्याला तांदूळ दिले. मला पण दिले."

इवल्या तळव्यावर चार दाणे.

कविताने जिवलीला बाजूला घेऊन विचारलं. जिवलीने काही लपवलं नाही. लपवण्यासारखं तिला काही वाटतच नव्हतं. त्यांच्या पाड्यावर लेक सासरी निघाली की ओटीत घरचे नवे तांदूळ घालतात. सकाळी सगळ्या चहाला गेल्या, तेव्हा तिने ते काम उरकलं होतं. बेनने सांगितलेलं धान्य तिच्या लेखी पोत्यातलं, सांडलेलं. ओटीचे तांदूळ म्हणजे काय धान्य?

"एकीला घालायचं नि दुसरीला नाय, असं कसं गं?" ती म्हणाली. "सगळ्या पिशव्यांना घातलं."

गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. बोललं तर जिवलीची मान खाली. कविता चंद्रिकाबेनकडे चालत गेली.

चंद्रिकाबेनने ऐकून घेतलं. तिने आधी गाडीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आज रात्री बंदराचं गेट बंद व्हायच्या आत गाडी पोचली नाही, तर बोट निघून जाणार होती. मुकेशने आपली अक्कल पाजळली, मूठभर तांदळाला कोण बघतंय, सील मारून टाका.

"ते बघतील नाहीतर नाही बघणार, भाई," चंद्रिकाबेन म्हणाली. "मला तर कळलं ना आता. खाली उतरव."

तिने पदर खोचला. ताडपत्री पसरली, पिशव्या उलट्या झाल्या, आणि मालकीण स्वतः हातमोजे चढवून बायकांच्या रांगेत बसली. मूठ मूठ तार चाळणीवर झटकायची, बघायची, पुन्हा भरायची. कुणाला रागाचा शब्द नाही. जिवली डोळे पुसत सगळ्यांच्या पुढे हात चालवत होती. कविताला वाटलं, आरडाओरडा करणारे मालक पुष्कळ पाहिले, पण ज्याची सगळी आशा जमिनीवर पसरलीय आणि तरी ज्याचा आवाज चढत नाही, असं माणूस हेच.

दुपार टळता टळता सील बसलं. तेव्हा चंद्रिकाबेनने निवडलेले तांदूळ जिवलीच्या ओंजळीत ठेवले.

"जिवलीबाय, रित्या हाताने कशाला पाठवायचं? चाकांवर टाक. चारोटी नाक्यापर्यंत चिमण्या दुवा देतील."

जिवलीने चारी बाजूंनी फिरून तांदूळ टाकले. आपल्या अंगावरही दोन दाणे पडलेले पाहून मुकेश म्हणाला, "मावशी, अक्षता टाकल्यास, आता पोरगी पण बघ." जिवली पदराआडून हसली. गाडी हायवेला लागली.

घरी कविता तानीला वरणभात भरवत होती, तेव्हा फोन वाजला. चंद्रिकाबेन एवढंच म्हणाली, "पोचली. गेटच्या आत आहे."

"काय झालं?" तानीने विचारलं.

"आपलं तांबं बोटीत बसणार. लांब सासरी चाललंय."

तानीने घास गालात धरून विचार केला. सासर तिला माहीत होतं. आत्या सणाला नरपडहून येते, तेही माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "मग ते माहेरी कधी येणार?"