हेलनच्या नावचं बक्षीस

फ्रँक ह्लावाटीनं पाकीट चाचपलं, हलवलं, उजेडाकडे धरलं आणि शेवटी न राहवून उघडलं. आत काही म्हणता काही नव्हतं. बाहेर मात्र ठसठशीत छापलेलं: ‘अभिनंदन! तुमचं बक्षीस आत आहे.’

पाकीट न्यूयॉर्कच्या कॉमिकवाल्यांकडून आलेलं. वर नावं दोन, हेलन आणि रोझली.  त्याची बायको हेलन जाऊन सहा महिने होत आले होते, आणि तेव्हापासून त्यांची अकरा वर्षांची मुलगी रोझली घरात ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलत नव्हती. त्यात पोरीचं बक्षीस कुणी लंपास केलेलं म्हटल्यावर बसड्रायव्हर फ्रँकचं डोकं फिरायला कितीसा वेळ?

त्यानं धावत जाऊन पोस्टमनला कोपऱ्यावर गाठलं.

“लीरॉय, लहान पोरीचं बक्षीस मारतोस? लाज नाही वाटत?”

“तोंड सांभाळ, फ्रँक,” लीरॉय म्हणाला. “तुझी बस रोज उशिरा येते, तेव्हा मी म्हणतो का, तू रस्ते चोरलेस म्हणून?”

फ्रँक तणतणत घरी परतला. पण रोझलीच्या हातात रिकामं पाकीट द्यायचा त्याला धीर होईना. नाक्यावरच्या दुकानातून त्यानं पत्र्याचा एक चकचकीत तारा आणला, आत घातला आणि डिंक लावून पाकीट चिकटवलं.

शाळेतून आल्यावर रोझलीनं पाकीट पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. तेवढ्यात ओला डिंक सुटून आतला तारा टेबलावर खणकन पडला आणि तिचा चेहरा उतरला.

“हा मिस्टर कोलरच्या दुकानातला आहे. पपा, तू पाकीट उघडलंस?”

“रिकामं होतं गं! चोरलं कुणीतरी.”

“रिकामंच असतं! तेच बक्षीस असतं! अख्ख्या अमेरिकेतली पोरं त्याच्यासाठी झुरतात.”

मग रडत रडत तिनं सगळं सांगितलं. कॉमिकमध्ये चूक सापडली की नुसती दाखवायची नाही, ती चूक का नाही हेही पटवायचं. पटलं की कंपनी थाटामाटात रिकामं पाकीट धाडते. कॅप्टन गारपीटच्या डाव्या हातावरची पट्टी पुढच्या चित्रात उजव्या हातावर गेली होती. दवाखान्यात पडल्या पडल्या हेलननं तोडगा काढला होता: शत्रूनं दुखऱ्या हातावर वार करू नये म्हणून कॅप्टननं ती मुद्दाम बदलली!

“ममानं सांगितलं, मी लिहिलं. ते आमचं शेवटचं होतं. आणि तू ते उघडून टाकलंस.”

 आयुष्यात इतका मोठा गाढवपणा फ्रँकनं केला नव्हता. लीरॉयची माफी मागता आली असती. हेलनची कशी मागायची? रोझली खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

सकाळी टेबलावर त्याचा डबा भरून ठेवलेला होता. रोझली तारा फ्रॉकला लावून दाराशी उभी होती.

“पपा, मी विचार केला. ती चूक नव्हती.”

“म्हणजे?”

“पाकिटावर ममाचं आणि माझंच नाव होतं. घरात माणसं तीन. कंपनी तुला विसरली. म्हणून तुझा वाटा तू स्वतःच घातलास.” तिनं भुवया उंचावल्या. “पटतंय का?”

 फ्रँकनं मान डोलावली.

दुपारी शेवटच्या थांब्यावर त्यानं डबा उघडला. सॉसेजच्या सँडविचवर एक पाकीट होतं. वर रोझलीच्या अक्षरात त्याचं नाव आणि खाली ‘अभिनंदन! तुमचं बक्षीस आत आहे.’ त्यानं ते हळूच उघडून आत पाहिलं, डोळे पुसले आणि पाकीट लगेच घट्ट बंद केलं, आतलं सांडू नये म्हणून.