काचेवरची गाठ

अठ्ठ्याऐंशी साली बाबांच्या जठरातून गाठ काढली, तेव्हा मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. बाबा, म्हणजे जयदेव, अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. घर बदलापूर गावात. गाठ तपासायला उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या डॉक्टर नीलिमांकडे गेली. रिपोर्ट यायच्या आतच बाबांनी माझं लग्न ठरवायला घेतलं. "काशीच्या डोक्यावर अक्षता पडल्या का मी मोकला," ते आईला म्हणाले.

आईला ते पटलं नाही. ती आम्हा दोघांना घेऊन थेट लॅबमध्ये गेली. खाली पापडांचं दुकान होतं. मिऱ्याचा वास जिन्यापर्यंत यायचा.

बाबांनी विचारलं, "मना किती दिस हायेत, त्यां सांगा."

"दिवस नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाल्या. "गाठ कशी वागेल, त्याचा अंदाज सांगते. लहान आहे. कापलेल्या कडेपर्यंत पोचलेली नाही. आणि पेशी फार कमी वाढतायत. अशी गाठ सहसा परत येत नाही."

"मना बगू दे."

डॉक्टरांनी गाठीच्या चकतीची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि खुर्ची सोडली. बाबा मायक्रोस्कोपवर वाकले. बराच वेळ हलले नाहीत. मग म्हणाले, "रंग तं ब्येस हाय." डॉक्टर हसल्या, आई मात्र रडायला लागली.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "पोरीला शिकू दे."

मी शिकले, शिक्षिका झाले. लग्न पुढे माझ्या मर्जीनं झालं आणि हळदीत बाबा बेंजोच्या वाजंत्रीवर सगळ्यांत जास्त नाचले.

दर उन्हाळ्यात ते डॉक्टरांना जांभळं न्यायचे. एकदा मी सोबत होते. टोपली बाजूला ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्यासारखीच गाठ असलेला एक पेशंट काल गेला, जयदेवभाऊ. मी त्यालाही हेच सांगितलं होतं, परत येणार नाही म्हणून. त्याच्या गाठीच्या सगळ्या काचा परत पाहिल्या. काही वेगळं दिसत नाही."

बाबांनी खालच्या गाडीवरून दालपकवान, म्हणजे डाळ आणि कुरकुरीत पुरी, मागवलं आणि डॉक्टरांनी दोन घास खाईपर्यंत ते उठले नाहीत.

डॉक्टर लॅब बंद करून पुण्याला राहायला गेल्या, ते बाबांना कळलं नव्हतं; त्या वर्षीही ते टोपली घेऊन गेले. लॅबचं शटर बंद पाहून परत आले, जांभळं आळीत वाटली आणि संध्याकाळभर ओटीवर बसून राहिले.