‘महान’ या शब्दाला वैतागलेला माइक

मी एक जुना माइक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी फार वैतागलेलो आहे. माणसांनी माझ्या तोंडाशी येऊन ‘महान’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला आहे की माझी जाळी ऊनपावसाने नव्हे, त्या शब्दानेच गंजली असावी असं मला वाटतं.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. खोक्यात बसून मी जालन्याच्या बाजारात आलो. तिथून घनसावंगीच्या रामरावांनी मला विकत आणलं, त्याला बावीस वर्षं झाली. रामरावांचं लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं छोटंसं दुकान आहे. माणूस अबोल, पण हात मायेचा. कार्यक्रम संपला की ते मला मऊ फडक्याने पुसत आणि मगच पेटीत ठेवत.

मी खूप कामं केली. लग्नात आहेराची नावं वाचली. जवळच्या जांब समर्थ गावच्या उत्सवात कीर्तनाला साथ दिली, आणि बुवांनी भर मंडपात सांगितलं की आवाज असावा तर असा. एकदा जत्रेत हरवलेल्या तीन वर्षांच्या पोराचं नाव रामरावांनी माझ्यातून पुकारलं आणि त्याची आई धावत आली. त्या दिवसाचा मला आजही अभिमान वाटतो.

पण भाषणं! पंधरा ऑगस्ट असो, निवडणूक असो की एखाद्या कमानीचं उद्घाटन, जो येई तो माझी मान पकडून सांगे की आपला देश महान, अमका देश बलाढ्य म्हणून महान, आपणही तसेच होऊ. बोलणारा खाली उतरला की त्याच्या गाडीची धूळ समोर बसलेल्यांच्याच तोंडावर उडायची. मी मुकाट राहायचो. मला स्वतःचं बोलता येत नाही, हीच तर माझी अडचण.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटी, जवळच्या एका गावातल्या शाळेने तालुक्याची वादविवाद स्पर्धा ठेवली. विषय होता, ‘बलाढ्य राष्ट्राला महान म्हणावे काय?’ मुख्याध्यापक बद्रीनाथ सरांनी महिनाभर त्यासाठी जिवाचं रान केलं होतं. अमेरिकेत स्थायिक झालेले, मूळ याच गावचे एक गृहस्थ प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते आणि शाळेला संगणक देणार होते. त्यामुळे सरांचं सगळं लक्ष पाहुण्यांकडे होतं. मंडप एकच मिळाला, तो त्यांनी स्टेजवर घातला. मुलं मैदानात, उन्हात.

त्या शाळेत नववीतली मीना होती. तिची आई चांगुणाबाई शाळेत खिचडी शिजवायची. मीनाचे वडील अंगद यांनी लेकीला दहावीनंतर शिकवायचं नाही असं ठरवलं होतं. मीनाने फार विनवणी केली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते की तालुक्यात पहिला नंबर आण, मंग बघू. म्हणून ती पोर पंधरा दिवस भाषण घोकत होती. भीती जावी म्हणून रामरावांनी आदल्या दिवशी तिला दुकानात बोलावून माझ्यासमोर उभं केलं होतं. तिला बाजू मिळाली होती ती ‘होय, म्हणावे’ अशी. सगळं भाषण तिला तोंडपाठ होतं. एका शब्दालाही अडखळली नव्हती.

कार्यक्रम अकराचा होता. पाहुणे साडेबाराला आले. मग हार, नारळ, सत्कार. मग पाहुण्यांनी अर्धा तास घेतला. ते जिथे राहतात तो देश किती बलाढ्य आहे, तिथले रस्ते कसे, विमानं कशी, जग त्याला कसं वचकून असतं, हे त्यांनी सांगितलं. मग मुलं बोलू लागली. एका मुलाने रणगाडे मोजले, दुसऱ्याने अग्निबाणांची नावं घेतली. विरुद्ध बाजूच्या मुलीने महायुद्धांची सनावळी म्हणून दाखवली. सगळं गुरुजींनी लिहून दिलेलं. मी मनात म्हटलं, अरे, मोजताय काय? समोर तरी बघा!

समोर पाचवीतली अंतरा मान टाकून कलंडली होती.

बाजूच्या मुली ओरडल्या. चांगुणाबाई चुलीपुढून उठून पळत आल्या, पोरीला उचलून त्यांनी पदराने तिचा चेहरा झाकला आणि इकडेतिकडे बघितलं. मैदानात सावलीच नव्हती; वर्ग पार पलीकडच्या टोकाला होते. बद्रीनाथ सरांनी स्टेजवरूनच हाताने खुणावलं की तिला मागे वर्गाकडे न्या, आणि लगेच पुढचं नाव पुकारलं. पुढचं नाव मीनाचं होतं.

मीना माझ्यासमोर आली. तिचा श्वास माझ्या जाळीवर आदळत होता. तिने सुरुवात नेहमीसारखी केली, ‘आदरणीय व्यासपीठ आणि...’ आणि ती थांबली. तिने वर मंडपाकडे पाहिलं, मग आईकडे. नंतर ती जे बोलली ते पुस्तकी भाषेत नव्हतं, तिच्या घरच्या बोलीत होतं.

“मला पाठ हाय ते भाषण. पण ते आता माझ्यानं बोलवत न्हाई. या गावातली सगळ्यात मोठी माणसं इथं बसलेत, आन सावली बी इथंच हाय. अंतरा तिकडं उन्हात पडली. देशाचं बी असंच बघावं लागंल. त्याची ताकद किती, हे नंतर इचारा. त्याच्या सावलीत कोण बसतंय ते आधी बघा. पोरं उन्हात आसतील तर त्याला बलाढ्य म्हणा, महान म्हणू नका. आधी लेकरांना आत घ्या, सर. मंग मी खाली बसते.”

बद्रीनाथ सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी रामरावांकडे बघून माइक बंद करायची खूण केली. रामरावांचा हात मशीनवर होता. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाची खूण मोडली नव्हती. ते शांतपणे म्हणाले, “बटन बसून गेलंय सर, दबून न्हाई राह्यलं.” बटन अगदी ठणठणीत होतं, हे मला आणि त्यांनाच ठाऊक.

तेवढ्यात चांगुणाबाई अंतराला घेऊन सरळ स्टेजच्या पायऱ्या चढल्या. त्यांच्यामागून पहिली-दुसरीची लेकरं आली, मग बाकीची. जागा पुरेना, तेव्हा पाहुणे आपणहून उठले. त्यांनी आपली पाण्याची बाटली चांगुणाबाईंच्या हातात दिली आणि ते खाली उन्हात जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने अंतराने डोळे उघडले.

तुम्हाला वाटेल, मीनाला बक्षीस मिळालं. छे! परीक्षकांनी विषय सोडून बोलल्याबद्दल तिला बाद केलं. रणगाडे मोजणारा मुलगा पहिला आला. मला इतका संताप आला की मी उगाचच कर्कश्श शिट्टी वाजवली.

मीना घरी गेली ती रडतच. पुढचं मला रामरावांच्या बोलण्यातून कळलं. अंगद म्हणाले की नंबर आला न्हाई, विषय संपला. तेव्हा चांगुणाबाईंनी त्यांच्यापुढे ताट ठेवत एवढंच विचारलं, “तुमच्या पोरीनं आख्खी शाळा सावलीत आणली. आजून कोणता नंबर पाह्यजे तुम्हाला?” अंगद ताटावरून उठले आणि दहावीनंतरही शीक, असं मीनाला सांगून आले. मीना आता परतूरला मुलींच्या वसतिगृहात राहून बारावीला शिकते.

रामरावांना त्या शाळेने पुन्हा बोलावलं नाही. शाळेने चाकांचा नवा स्पीकर आणला, त्याचा माइक बिनवायरचा आहे. हळूहळू बाकीची कामंही कमी झाली. माझी वायर तडकली आहे, जाळीला पोचा पडला आहे. मी दुकानातल्या फळीवर पडून असतो आणि समोरच्या मंडपातल्या नव्या माइकमधून तोच जुना शब्द ऐकत असतो.

मित्रांनो, माझी वायर जोडा किंवा जोडू नका. पण तुम्ही मोठे व्हाल, माझ्यासारख्या कुणासमोर उभे राहाल, आणि कुठल्याही देशाला, अगदी आपल्या देशालाही, महान म्हणायला तोंड उघडाल. तेव्हा क्षणभर थांबून समोर बसलेल्यांचे चेहरे बघा. कुणाला ऊन लागत असेल तर उठून जागा द्या. भाषण राहून गेलं तरी चालेल.