काकूंचा हात कोण उचलत होतं?

मी एक जुना यंत्रहात आहे, मित्रांनो. खांदा, कोपर, मनगट सगळे आहे मला, फक्त माणूस जोडलेला नाही. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात माझ्या पट्ट्यांत बांधायचा आणि पडद्यावरच्या चेंडूपर्यंत न्यायचा, हे माझे काम. जोर माणसाने लावायचा, कमी पडेल तेवढाच मी द्यायचा. मी दवाखान्यात आलो तेव्हा कोण कौतुक! साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. रुग्णांना तेवढा वेळ बाहेर बसवले होते.

मग शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता.

"मला मेलीला कात्री धरता आली की झालं," त्या म्हणायच्या. "या हाताने काही कुस्ती खेळायची नाहीये."

सुरुवातीला त्यांचा हात नुसता ओझे होता. एके सकाळी खांद्यातून बारीकसा जोर आला. तो सर्वांआधी मला कळला. फार आनंद झाला मला.

नेमके तेव्हाच दवाखाना बघायला पाहुणे यायचे ठरले. त्यांच्यासमोर हात अर्ध्यात अडकला तर शोभा होईल, म्हणून थेरपिस्टबाईंनी बटण फिरवून माझी मदत पूर्ण वाढवली. हात डौलात वर गेला. टाळ्या पडल्या. पाहुणे गेले आणि मदत कमी करायची राहून गेली.

पडद्यावर रोज पैकीच्या पैकी गुण. काकूंची लेक हरखली.

"अगं, पण मला जोरच लावावा लागत नाही," काकू म्हणाल्या.

"म्हणजे बरी होतेयस, आई!"

बाईंनीही हसून मान डोलावली. अर्धांगवायूनंतर हात सर्वांत जास्त शिकतो ते पहिले महिने असे वाया गेले. मला वाचा नाही, नाहीतर ओरडलो असतो.

घरी पाठवल्यावर काकू आठवड्यातच परतल्या. कात्री उचलायला गेल्या, तर हात कापडावरच पडून राहिला होता.

"मग इतके दिवस तो उचलत कोण होतं?" त्यांनी विचारले.

बाईंनी माझ्या बटणाकडे पाहिले. चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "मशीन बिघडलं होतं."

तेव्हापासून मी मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत आहे. माझ्यात काडीचाही बिघाड नाही.

मित्रांनो, हात बांधलेले माणूस काही सांगू लागले, तर पडदा सोडून त्याच्याकडे बघा. यंत्रांची निगा राखा, असे मी म्हणणार नाही. माझा खांदा निखळला तर कंपनी दुसरा पाठवते. काकूंना मात्र आता डाव्या हाताने कापड कापायला शिकावे लागते आहे.