कापलेली नळी

मिस्त्रींच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. शर्यतीच्या सायकलचं हँडल खाली हवंय? खुशाल घ्या. हँडलखालच्या रिंगा काढून वर चढवायच्या, तीन आठवडे तशी चालवायची, आणि पाठीने होकार दिला तरच हँडल ज्या नळीवर बसतं तिचा वर उरलेला भाग कापायचा. वाऱ्याला चुकवायच्या नादात कंबर धरून बसलेले महाभाग मिस्त्रींनी ढिगाने पाहिले होते. कापलेली नळी नखासारखी वाढत नाही, हँडल पुन्हा वर जात नाही, हे ते गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचे.

त्यांची स्वतःची सायकल भिंतीवर टांगलेली असे. मणक्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले होते, वर्षभराने चालवा, पण ताठ बसून. मिस्त्रींनी त्याच आठवड्यात चारही रिंगा खाली घालून हँडल पार वर नेलं. लग्नाच्या तारखेचीही यांनी इतकी वाट पाहिली नव्हती, असं बायको चिडवायची.

थोरली लेक शर्यतीत उतरली तेव्हा सायकल तिला दिली, फक्त हंगामापुरती. हँडल हवं तेवढं खाली घे, म्हणाले, पण कापू नकोस. ही नळी पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचीच, आणि असला चिमटा आता कुठे मिळत नाही.

मध्ये पाठीने दगा दिला आणि मिस्त्री आठवडाभर घरी पडून राहिले. सोमवारी दुकानात आले तर सायकल स्टँडवर, हँडल तळाला टेकलेलं आणि वर काहीच नाही. रिंगा टेबलावर होत्या. नळी पकडायच्या व्हाइसखाली तिचा दोन बोटं लांबीचा तुकडा पडला होता. काप मात्र अगदी सरळ, कडा कानशीने घासलेली. शिकवलं कुणी होतं? बापानेच.

मागच्या शर्यतीत चाकभर अंतराने हरले, थोरली सांगत होती. वर आलेली नळी छातीत टोचते, कोचही हसतात.

"मला विचारायचं तरी होतंस."

"बाबा, तुम्ही आता कुठे बसणार आहात सायकलवर?"

ती हे सहज म्हणाली, मनात काही वाईट नव्हतं. म्हणून तर जास्त लागलं. मेलं ते ऑपरेशन, मेली ती पाठ. पोटच्या पोरीनेही आपल्याला मोडीत काढलं, असं मिस्त्रींना वाटलं.

त्यांनी वरचा स्क्रू आवळला, ब्रेक दाबून हँडल हलवून पाहिलं, मग बाजूचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने घट्ट केले. काम म्हणजे काम.

"सायकल तुझी," ते म्हणाले. "आता परत आणू नकोस."

थोरलीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. संध्याकाळी तिने आईला सांगितलं, बाबांनी सायकल कायमची दिली, इतका दिलदार बाप कुणाला मिळतो?

आईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"तुला खरंच काही कळलं नाही?" तिने लेकीला विचारलं.

थोरलीला खरंच काही कळलं नव्हतं.