धुतलेली खेळणी

सांडशीत धरलेली शेवटची रिंग मीनलने उकळत्या पाण्यातून काढून झटकली, तेव्हा थेंब तिच्या मनगटावर उडाले. तिने हात मागे घेतला नाही. हात हलला की रिंग ओट्यावर पडणार, ओट्याला लागली की पुन्हा पाच मिनिटं उकळायची, आणि दिनानाथ यायला आता दहाच मिनिटं उरली होती.

खेळणी एकूण पाच. दोन रिंगा, एक मासा, एक केळं आणि एक फूल. सिलिकॉनची, मऊ, दात येणाऱ्या बाळाने चावायची. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात ही खेळणी बनायची तिथे दिनानाथ चेकर होता. परदेशी ऑर्डरचा एकेक नग हातात घ्यायचा, ताणायचा, उजेडात धरायचा, वास घ्यायचा, आणि केसाएवढा बुडबुडा दिसला तरी ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला टाकायचा. बाजूला टाकलेल्या मालातूनच त्याने साहेबांना विचारून ही पाच घरी आणली होती. कामात त्याचा हात धरणारं कारखान्यात कोणी नव्हतं. घरी मात्र कोणीतरी धरायला हवा होता.

नियम सगळे त्याचे. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब. खाचा बोटाने चोळायच्या, ब्रशने नाही, चरे पडतात. मग घड्याळ लावून पाच मिनिटं उकळी. मग धुवट फडक्यावर वाळत घालायची. पुसायची नाहीत, धागे चिकटतात. पुरती सुकल्याशिवाय डब्यात जायची नाहीत, कुबट वास धरतात. खरं सांगायचं तर यातला एकही नियम चुकीचा नव्हता, आणि पंचाईत तीच होती. नियम बरोबर असलेल्या माणसाला अडवायचं कुठे, हे मीनलला कधी कळलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नदीचं पाणी मांजर्लीत, त्यांच्या आळीत शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर मीनलला जुलाब-उलट्या लागल्या, तिला दवाखान्यात सलाईनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली तर तिची आठ महिन्यांची जुई घरात नव्हती. सगळं उरकून झालं होतं. दिनानाथने एक प्लास्टिकचा खुळखुळा तिच्यासमोर धरला. त्याच्या खाचेत चिखल वाळला होता.

“हे तू धुतलं होतंस?”

तिला आठवेना. ती पहिली थप्पड तिने मुकाट्याने घेतली. तिला ती कमीच वाटली होती.

धाकट्या परागच्या जन्मानंतर ते रोजचं झालं. तिच्या डाव्या हाताची करंगळी आता सरळ होत नव्हती. ओठाच्या आत एक गाठ कायमची राहिली होती. शेजारच्या बनूबाईंना ती मोरीत पाय घसरला म्हणून सांगायची. “त्या मोरीचं तुझ्याशीच बरं वाकडं,” असं म्हणून त्या तिच्याकडे बघत राहायच्या. तिच्या सासूबाई, म्हणजे माई, दिनानाथचा आवाज चढला की मिश्रीची डबी उचलून गॅलरीत जायच्या. त्या बाहेर गेल्या की मीनल दात घट्ट मिटून घ्यायची, म्हणजे जीभ चावली जात नसे.

दिनानाथ आला. चपला काढल्या, हातपाय धुतले, नखं पाहिली. मग फडक्यावरचा मासा उचलून ताणला, खिडकीशी नेला, नाकाशी धरला. चौदा महिन्यांचा पराग चटईवर बसून हे सगळं पाहत होता. हा खेळ त्याच्या ओळखीचा होता.

“सुकटीचा वास येतो.”

दुपारी माईंनी सुकट भाजली होती. खेळण्यांच्या डब्याचं झाकण नीट लागलं नसणार, आणि हे सिलिकॉन मेलं कसलाही वास धरून बसतं. उकळूनही तो गेला नव्हता.

“पुन्हा उकळते,” ती म्हणाली.

“कारखान्यात पुन्हा नसतं. रिजेक्ट.”

पहिला फटका कानावर बसला. दुसऱ्याने ती ओट्यावर आदळली आणि पातेलं कलंडलं. अजून कढत असलेलं पाणी तिच्या पायावर सांडलं. ती ओरडली तसं त्याने तिचं तोंड हाताने दाबलं, केस धरून खाली बसवलं आणि डोकं ओट्याखालच्या भिंतीवर दोनदा आपटलं. रागाने बेभान होऊन नव्हे. रांगेतला नग तपासावा तसं, एकामागून एक. माई मिश्रीची डबी घेऊन गॅलरीत गेल्या. फडक्यावरची खेळणी घरभर विखुरली.

मग तो थांबला. दमला होता. मीनल भिंतीला टेकून बसली होती, नाकातलं रक्त पदराने टिपत होती. पराग रांगत तिच्याकडे आला. वाटेत त्याला रिंग सापडली. तो तिच्यापुढे फतकल मारून बसला. रिंग त्याने दोन्ही हातांनी ताणली, नाकाशी नेली, जोरात हुंगली.

“जेक,” तो म्हणाला, आणि तिच्या तोंडावर चापट मारली.

दिनानाथला हसू फुटलं. मनापासून हसला तो.

“बघितलंस? माझ्यापेक्षा कडक चेकर निघाला.”

परागही हसला. बाबा हसले म्हणून त्याने पुन्हा मारली. चौदा महिन्यांच्या हातात जोर तो किती असणार, पण मीनलला दोन वर्षांत काही लागलं नसेल इतकं ते लागलं. पोराला काही बाधू नये म्हणून ती मार खात आली होती, आणि बाधायचं ते बाधलंच होतं. ती घाबरली. दिनानाथला नव्हे, त्या चिमुकल्या, नुकत्याच धुतलेल्या हाताला घाबरली.

ती उठली. भाजलेला पाय टेकवत नव्हता. तिने परागला कडेवर घेतलं.

“कुठे?”

“बबनदादाकडे. खरवईला.”

“भावाकडे जातेस? जा. पोराला खाली ठेव आणि जा.”

तो दारात आडवा झाला. त्याचा हात वर गेला. ती परागला छातीशी धरून, त्याच्या डोक्यावर वाकून उभी राहिली.

“सुकट मी भाजली, दिन्या.”

माई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या.

“माई, तू यात पडू नको.”

“तेव्हा पण नाय पडले,” माई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर गेला नव्हता. “पोरीला खुळखुळ्यानं नाय नेली. आख्ख्या आळीला जुलाब लागलेले. बनूच्या नवऱ्यानं रिक्षा दारात आणून उभी केलेली. मी तुला तीनदा म्हटलं, चल, पोर थंड पडायला लागली. तू म्हणालास, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे, झोपू दे, सकाळी बघू.”

पातेल्यातून पाणी ठिबकत होतं. मीनलने मान वर केली.

“सकाळी?” तिने विचारलं.

वर गेलेला हात दिनानाथने कधी खाली घेतला हे त्यालाही कळलं नसावं. दुसऱ्या हातात मासा तसाच होता. दुसरं काही सुचलं नाही म्हणून असेल, त्याने तो पुन्हा नाकाशी धरला. माईंनी त्याच्या बाजूने हात घालून दार उघडलं.

खरवईला जाणाऱ्या रिक्षात मीनल मागच्या सीटच्या कोपऱ्यात बसली. उन्हं अजून होती. कान दुखत होता, पायावर फोड आले होते, आणि ती मोठ्याने रडत होती. रिक्षावाल्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि गाडी हळू घेतली. पराग तिच्या मांडीवर उभा राहिला. तिच्या गळ्याला धरून त्याने तिचा ओला गाल हुंगला.

“जेक.”

चापट बसली. मीनलने त्याचा हात धरला, बोटं एकेक करून उलगडली आणि तो तळवा आपल्या गालावरून सावकाश खाली फिरवला.

“असं,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा मारली. तिने पुन्हा हात धरला, पुन्हा गालावरून फिरवला.

“असं नाही रे, सोन्या. असं.”

रेल्वेचं फाटक बंद होतं. रिक्षा थांबली. त्याने तिसऱ्यांदा हात उचलला, आणि तिने गाल बाजूला घेतला नाही.